पलंगावरून दिसेल तेवढा समुद्र

"निजल्या निजल्या दिसते का पण?" बाबांनी विचारलं.

आवाज अगदी हळू होता. काका फोनवर बोलायला बाहेर पायरीवर गेले होते, आई कोपऱ्यातल्या जारमधून बाटली भरत होती, आणि मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जहाजातल्या खोल्यांचे फोटो पाहत बसले होते. ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातल्या बाईंना प्रश्न नीट कळला नाही. "काय अंकल?" म्हणून त्यांनी मान पुढे केली.

"खिडकी. पलंगावर निजल्या निजल्या पानी दिसते, का उठून बसा लागते?"

बाई म्हणाल्या, दिसतं. त्या खोल्यांमध्ये पलंग खिडकीला लागूनच असतो. खिडकी जवळजवळ भिंतभर, आणि बटन दाबलं की वरची अर्धी काच खाली सरकते, वारा सरळ तोंडावर येतो. बाबांनी मान हलवली. मग आणखी हळू आवाजात विचारलं, बाल्कनीच्या दाराला उंबरा असतो का. बाईंना याचं जरा आश्चर्य वाटलं. असतो थोडासा, त्या म्हणाल्या, पाणी आत येऊ नये म्हणून. बाबांनी पुन्हा तशीच मान हलवली. दुकानात गिऱ्हाइकाने खिडकीचं माप सांगितलं की ते अशीच मान हलवायचे.

तेवढ्यात काका आत आले. बाबांनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन पाठ सरळ केली आणि म्हणाले, "बाल्कनीचंच पाहून राहिलो होतो."

मी पान उलटलं. पानावर एक गोरी बाई बाल्कनीत पाय वर घेऊन बसली होती आणि तिच्या हातात कप होता. आई बाटली घेऊन परत आली, तिने माझ्या खांद्यावरून तो फोटो पाहिला आणि बाबांना म्हणाली, "हे पाहा, असं बसता येते आरामात."

हे अमरावतीला झालं, एप्रिल नुकता सुरू झाला होता. आम्ही राहतो अकोल्याला. काका अमरावतीला असतात, चांदूर बाजारच्या शाळेत शिकवतात, रोज अपडाऊन करतात. बाबांचे डॉक्टर अमरावतीचे, म्हणून त्या दिवशी सकाळी डॉक्टर आणि दुपारी जहाज, असं काकांनीच ठरवून ठेवलं होतं. ट्रॅव्हल्सच्या बाई त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी. आम्ही जहाजावर गेलो नाही, हे आधीच सांगून टाकते. मला लिहायचं आहे ते फक्त खोली निवडण्याबद्दल. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात निवडण्यासारखं तेवढंच होतं.

बाबांचा उजवा पाय आधी ओढायला लागला. चप्पल मागे राहायची आणि त्यांना कळायचंही नाही. मग डावा. नसांचा आजार आहे, असं आम्ही लोकांना सांगायचो. मार्चमध्ये डॉक्टरांनी त्याचं नाव मला इंग्रजीतून सांगितलं, कारण मी इंग्रजीतून विचारलं होतं. माझ्या इंग्रजी शाळेचा घराला जो काही उपयोग झाला तो असा. मग त्यांनी सगळ्यांना समजेल अशा हिंदीत पुन्हा सांगितलं. औषध नाही. पाय, मग हात, मग गिळणं, मग श्वास. किती वेळ लागेल ते सांगता येत नाही, पण काही करायचं राहिलं असेल तर पुढे ढकलू नका. आई, काका, बाबा, तिघंही ऐकत होते. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "चाल दादा, चहा घेऊ."

त्या चहानंतर ही गोष्ट कुणीच पुन्हा बोललं नाही. आमच्याकडे वाईट तोंडातून काढायचं नाही. बांगडी फुटली तरी आई फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणते. बाबांनीही रोज संध्याकाळी दुकान कधी बंद केलं नाही, वाढवलंच. या वर्षी दुकान खरोखरच बंद झालं, शटर उघडलंच नाही, तरी कुणी विचारलं की आई सांगते, "यंदा जरा वाढवलं आहे." मी शाळेत दिवसभर इंग्रजी बोलून घरी यायचे तेव्हा मला हे सगळं फार मागासलेलं वाटायचं. आता वाटत नाही. आता मला कळतं की एकदा बोलून टाकल्यावर त्याच लोकांबरोबर त्याच खोलीत बसून जेवायचं असतं.

दुकान कूलरचं होतं. बाबा पत्र्याचे कूलर बनवायचे, विकायचे आणि स्वतः जाऊन बसवून द्यायचे. होळी झाली की आमच्या घरात बाबा फक्त झोपायला यायचे. लोकांच्या खिडक्यांची झडपं काढायची, बाहेर लोखंडी स्टँड ठोकायचा, त्यावर कूलर, आणि बाजूच्या फटी प्लायच्या तुकड्यांनी बंद करायच्या. मग पाऊस लागेपर्यंत त्या खिडकीतून कुणाला काही दिसत नाही. इथे खिडकी उन्हाळ्यात कूलरचीच असते. "अर्ध्या अकोल्याच्या खिडक्या म्या बुजवल्या," असं ते पाहुण्यांना हसत सांगायचे. कुणी खोली दाखवली की आधी हवा कुठून येईल आणि कुठून जाईल ते बघायचे. नुसती यायला जागा असून चालत नाही, जायलाही पाहिजे, नाहीतर खोलीत दमटपणा साठतो आणि माणूस जास्तच घामाघूम होतो, हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं आहे की मलाही नवीन खोलीत गेलं की तेच दिसतं.

सगळ्यांच्या सुट्ट्या उन्हाळ्यात, आणि बाबांचा धंदाही उन्हाळ्यात. त्यामुळे आम्ही कुठे गेलोच नाही. काका-काकू शाळेच्या सुट्टीत गोव्याला जाऊन आले, दोनदा केरळला गेले. बाबा एकदा मोटरी आणायला मुंबईला गेले होते, पण माल गाडीत चढवून रात्रीच्या गाडीने परत आले, समुद्र पाहायचा राहिला. गेल्या हिवाळ्यात मी त्यांना मोबाईलवर जहाजाचा एक व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला आणि म्हणाले, "याच्यात एकदा बसाले पाह्यजे." काका समोरच होते. डॉक्टरांकडून आल्यावर काकांना तेच वाक्य आठवलं. माझ्या मते त्यांना काहीतरी करायला हवं होतं आणि दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

जहाज मुंबईहून निघून किनाऱ्याने खाली गोव्याकडे जाणार आणि परत येणार होतं. तारीख दिवाळीनंतरची. आमच्यासाठी दोनच प्रकारच्या खोल्या उरल्या होत्या, बाल्कनीवाल्या आणि मोठ्या उघडणाऱ्या खिडकीच्या, आणि दोन्हींची किंमत जवळपास सारखीच होती, त्यामुळे प्रश्न पैशाचा नव्हता. काकांनी मला दोन्हींची माहिती वाचून मराठीत सांगायला लावली. मी सांगितली. बाल्कनीत दोन खुर्च्या आणि एक टेबल, काचेचं सरकतं दार. खिडकीच्या खोलीत बाल्कनी नाही, म्हणून आतली जागा थोडी जास्त, आणि पलंग काचेला लागून.

"पश्चिमेची नको पण," काका बाईंना म्हणाले. "दुपारचं ऊन अंगावर येते."

बाई हसल्या नाहीत. "सर, जहाज फिरत असतं," त्या म्हणाल्या.

"हाव, पन दुपारच्याले कुठी तोंड असते थे पाहा ना जरा."

मला मनात हिशेब करता येत होता. जाताना पूर्वेला असलेली बाल्कनी येताना पश्चिमेला येणार होती, आणि जाताना पूर्व म्हणजे नुसता किनाराच दिसणार. पण मी बोलले नाही. काकांच्या शाळेत दुपारी पश्चिमेच्या वर्गात मुलं बसवत नाहीत, आमच्याही घराची पश्चिमेची भिंत मे महिन्यात हात लावू देत नाही. माणूस सगळीकडे आपलंच ऊन घेऊन जातो. बाईंनी पूर्वेची बाल्कनी लिहून घेतली आणि पक्कं करायला जूनपर्यंत वेळ आहे असं सांगितलं. आम्ही निघालो. ऑफिसच्या पायरीवर काकांनी बाबांना एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आपला प्रश्न मी ऐकला हे त्यांना माहीत होतं की नाही, ते मला अजून सांगता येत नाही.

उंबऱ्याचं सांगायचं राहिलं. आमच्या पुढच्या दाराला सागवानी उंबरा आहे, चांगला उंच, आजोबांनी बसवलेला. आई रोज सकाळी त्याच्यावर पाणी शिंपडते, हळदकुंकू लावते, बाजूला रांगोळीच्या दोन रेघा काढते. फेब्रुवारीत बाबांचा पाय त्याला अडला आणि ते ओट्यावर पालथे पडले. ओठ फुटला. सुतार आला, म्हणाला की अर्ध्या तासाचं काम आहे, कापून सपाट करून देतो. आईने त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. घरातला कर्ता माणूस आहे तोवर उंबरा काढायचा नसतो, असं काहीसं ती म्हणाली, आणि अर्ध्यावरच थांबली. काकांनी मग एक लाकडी उतरण करून आणली. ती घसरायची. बाबा एकदा तिच्यावरून गेले, दुसऱ्यांदा गेले नाहीत. डॉक्टरांकडे जाण्यापुरतं आम्ही त्यांना दोन्ही बाजूंनी धरून न्यायचो, एरवी त्यांनी बाहेर जायचं बंद केलं असं कुणी ठरवलं नाही, तसं नुसतं होत गेलं. आईने हळदकुंकू लावणं सोडलं नाही. मला तिचा राग यायचा, मग वाटायचं की तिच्या हातात एवढंच आहे, ते तरी मी का मागू.

म्हणून बाबांनी बाईंना उंबरा विचारला होता.

मे महिन्यात बाबांचा पलंग पुढच्या खोलीत आणला. रस्त्याकडची खिडकी त्याच खोलीत आहे, पण खिडकीत कूलर होता, त्यांनीच बनवलेला, बहुतेक शेवटचा. पलंगावरून त्यांना कूलरची जाळी दिसायची आणि जाळीमागे फिरणारा पंखा. मागच्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्यांची भिंत दिसते. कूलर काढावा, तर मे महिना. बाबा स्वतःच म्हणाले, "राहू द्या, हवा चांगली फेकून राहिला." आपल्याच कामाचं कौतुक केल्यासारखं म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो.

तोवर त्यांचा डावा हात कप धरेनासा झाला होता. मी चमच्याने चहा पाजायचे. पाठीला उशा लावून बसवलं की थोड्या वेळाने ते हळूहळू एका बाजूला कलायचे, पोत्यासारखे, आणि कलताना त्यांच्या तोंडावर ओशाळल्यासारखं काहीतरी यायचं. आई धावत येऊन सरळ करायची आणि म्हणायची, "उशीच नरम आहे मेली." दुसरी उशी आणली. मग तिसरी. उशांचा दोष काढून संपला की गादीचा.

दुसरीकडे बाल्कनी वाढत होती. काका व्हॉट्सॲपवर रोज जहाजाचं काहीतरी पाठवायचे. आईने कपाटातला स्वेटर काढून उन्हात टाकला आणि बाजारातून लोकरीची कानटोपी आणली. एवढ्या उन्हात दुकानदार तिला हसला असेल. समुद्रावर वारा असतो, बाल्कनीत बसल्यावर कान दुखतील, असं तिचं म्हणणं. टोपी तिने बाबांच्या डोक्यावर घालून पाहिली. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं इतकं ऊन, आणि आत माझे वडील पलंगावर कानटोपी घालून पडले होते. "माकड दिसून राहिलो ना?" त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणाले.

बाल्कनी म्हणजे काय, हे तेव्हा मला कळलं. बाल्कनी म्हटलं की बाबा उठणार, दारापर्यंत जाणार, उंबरा ओलांडणार, खुर्चीत बसणार. कुणालाच ते खोटं बोलल्यासारखं वाटत नव्हतं, कारण बोलणं फक्त खोलीबद्दल होतं. आणि खिडकी मागायची तर का, ते सांगावं लागलं असतं. त्या एका कारणाशिवाय खिडकी घेण्याचं दुसरं काहीच कारण नव्हतं. मी शोधून पाहिलं. जागा जास्त आहे म्हणून पाहिलं, वारा कमी लागेल म्हणून पाहिलं. काकांनी दोन्ही उडवून लावलं. "अवं, आयुष्यात एकदा जाऊन राहिलो आपन," ते फोनवर म्हणाले, "तं बाल्कनीतच बसू."

मी त्या दिवसांत पुण्याच्या कंपनीचं काम घरून करत होते. दिवसभर स्क्रीनसमोर बसून बाहेरच्या देशातल्या लोकांना अदबीने लिहायचे, आणि ते मला जमायचं. घरात मला वाक्य सुरू करायलाच वेळ लागतो. तोपर्यंत विषय बदललेला असतो. लहानपणापासून पाहुण्यांसमोर "आमची बोलत नाही फारशी" अशी माझी ओळख आहे आणि मी ती कधी मोडली नाही, कारण तिच्यामागे बसायला बरं वाटतं.

एकदा दुपारी आई निजली असताना मी बाबांना विचारलं. ताक पाजत होते. ताक पाजायला फार वेळ लागायचा, एकेक घोट गिळून झाला की थांबायचं. मी म्हणाले, बाबा, खिडकीची खोली घ्यायला सांगू का काकांना.

ते जाळीकडे पाहत होते. घोट तोंडात तसाच धरून होते. मला वाटलं घोट अडकला.

"तुया आईनं टोपी आनली ना," ते म्हणाले.

मग थोड्या वेळाने, "राहू दे."

मी चमचा पुन्हा भरला. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, मला एवढं कळलं. आणि हो म्हणण्याची त्यांना सोय नव्हती. आईसाठी त्यांनी बाल्कनी धरून ठेवली होती आणि आईने त्यांच्यासाठी. काकांनी दोघांसाठी. तिघांनी तिन्ही बाजूंनी उचलून धरलेली ती बाल्कनी, आणि खाली कुणाचा पाय टेकत नव्हता. आपण दिवाळीनंतर मुंबईला जाऊ असं मला स्वतःला वाटत होतं का? नाही. मे संपताना मला काहीच वाटत नव्हतं. खिडकी घेतली तरी काही बदलणार नाही हेही दिसत होतं. फक्त एका माणसाने दुसऱ्या गावी, परक्या बाईला, आपल्या माणसांची पाठ वळलेली पाहून एक प्रश्न विचारला होता, आणि तो मी सोडून कुणी ऐकलेला नव्हता.

जूनच्या पहिल्या रविवारी काका अकोल्याला आले. पाऊस नव्हता, नुसतं आभाळ दाटून उकडत होतं. दमट हवेत कूलरचाही उपयोग होत नाही, पण आवाजाची सवय झालेली असते म्हणून चालू ठेवतात. काका पलंगाजवळ खुर्ची ओढून बसले. येताना त्यांनी संत्र्याची बर्फी आणली होती, तिचा एक कण त्यांनी बाबांच्या जिभेवर ठेवला. बाबा तो तसाच चोखत राहिले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला पीठ.

मग ट्रॅव्हल्सच्या बाईंचा फोन आला. आज पक्कं करायचं होतं. काकांनी फोन स्पीकरवर टाकला, पण कूलरच्या घरघरीत काही ऐकू येईना. "पोरी, थो बंद कर जरा," ते मला म्हणाले. मी बटन वर केलं. पंखा फिरत फिरत थांबला, पंपाचं पाणी थोडा वेळ टपकत राहिलं, मग तेही थांबलं. उन्हाळाभर ते घर इतकं शांत झालं नव्हतं. बाबांचा श्वास ऐकू येत होता. घोट गिळायचा प्रयत्न ऐकू येत होता.

"सर, बाल्कनीच फायनल करू ना?" फोनमधून बाई म्हणाल्या. "दोघांसाठी एक आणि तुमच्यासाठी शेजारची."

"हाव, बाल्कनीच," आई दारातून म्हणाली. "बसतीन आरामात."

"दादा, तू बाहेर बस खुर्ची टाकून," काका म्हणाले, "मी आत एसीत घोरतो. अन् वयनीले सांगू, भजी तळून आन म्हना समुद्रावर."

बाबा हसले. हसणं सुरू झालं की ते त्यांना थांबवता यायचं नाही आताशा, ते खोकल्यात गेलं, आणि मान उशीवरून एका बाजूला कलली. आईने पुढे येऊन पदराने त्यांची हनुवटी पुसली आणि उशी सारखी केली. उशीच नरम आहे, ती म्हणाली. बाबांची मान जिकडे कलली होती तिकडे खिडकी होती, आणि खिडकीत बंद पडलेला कूलर. ते त्याच्याकडे पाहत होते. मग त्यांनी डोळे काकांकडे वळवले आणि सावकाश म्हणाले, "तुमी म्हनता तं बाल्कनी."

"मग करते सर," बाई म्हणाल्या.

काका हो म्हणायला तोंड उघडत होते. माझा हात अजून कूलरच्या बटनावर होता. बटन खाली केलं असतं तर पुन्हा कुणाला काही ऐकू आलं नसतं.

"काका, खिडकीची सांगा," मी म्हणाले. "दिवाळीनंतर बाबाले बसता येनार नाही."